आबांच्या बोअरचं पाणी

"ताई, समुद्राचं पाणी चाखून दाखवशील का, त्या गोऱ्या लोकांसमोर?"

माझ्या मैत्रिणी निधी आणि प्रतीक्षानं पैज लावली होती की मी हे विचारणारच नाही. पण वक्तृत्व स्पर्धा जिंकल्यापासून मी कोणालाच घाबरत नाही. इशिताताई जर्मनीत नर्सिंग शिकते. रविवारी बाल्टिक किनाऱ्यावरची दोन गावं फिरून कोणतं भारी, ते ती व्हिडिओ कॉलवर सांगणार होती. अमरावतीच्या आमच्या बैठकीत सगळे मोबाईलसमोर बसलो होतो. आबासुद्धा, हाताला डायलिसिसची पट्टी बांधून.

पहिलं गाव वार्नेमुंडे. ताईनं लाटेत बोट बुडवून चाटलं. "खारं आहे, पण मुंबईएवढं नाही."

"मग नापास," प्रतीक्षा म्हणाली.

संध्याकाळी तिनं दुसऱ्या गावाहून, त्सिंग्स्टहून, फोन लावला. तिथं एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. ताईनं खाडीचं पाणी चाखलं, पुन्हा बोट बुडवलं आणि परत चाखलं.

"काय झालं वं?" आईनं विचारलं.

"आई, हे तर आपल्या बोअरचं पाणी हाय."

आमचं गाव अकोटजवळ, खारपाणपट्ट्यात. तिथं जमिनीतलं पाणीच खारट. आजीच्या वरणात मीठ घालावं लागत नाही, हे आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो.

आबा हसले. "म्हंजे मी जन्मभर समुद्रच पेलो म्हना. बिनातिकिटाचा."

निधी खिदळली, मग तिला आबांच्या हाताची पट्टी दिसली. डॉक्टरांनी आबांच्या किडनीच्या आजाराचं कारण हे पाणीच सांगितलं होतं.

"बाबा," ताईनं विचारलं, "आजी अजून तेच पिते?"

बाबा चष्मा पुसत बसले. उत्तर आबांनी दिलं. "नळाले पानी आलं तं नळाचं. नाही तं बोअर हायेच. रुख्मिणी काय तहानलेली राहीन?"

"दिवाळीनंतर आणू तिला," बाबा म्हणाले. "आत्ता घरात जागा कुठं आहे?"

आबांच्या वेळीही ते हेच म्हणाले होते. दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि आबा आले ते थेट दवाखान्यात.

ताईची खोली मला दहावीसाठी मिळाली आहे. दारावर मी माझ्या नावाचा रंगीत कागद चिकटवला होता. मी उठले आणि तो ओढून काढला.

"आई, बाबा, आजपासून मी बैठकीत झोपीन. ही खोली आजीची. उद्या शाळेत जात नाही मी. सकाळी अकोटच्या एसटीनं आजीले आणायले चालली."