दोन पोरांत चार पिशव्या

शाळांना सुट्टी लागली की कंपालाच्या इस्पितळांत रक्ताचा दुष्काळ पडतो. आमच्याकडे रक्त देतात ती शाळेतली मोठी पोरं. बाप्यांच्या नुसत्या बढाया. माझा भाऊ स्वतःच्या लेकीसाठी आला आणि सुई बघून मागच्या मागे पसार झाला. मग मी दिलं. आत्या असते कशाला?

लेकीचं नाव नान्तेझा. तिच्या हृदयाची झडप खराब होती. तिच्याआधी नंबर होता शेजारच्या खाटेवरच्या ओपिओचा. त्याच्या आईचं नाव आयात. दोघांचा रक्तगट एकच, माझाही तोच. ऑपरेशनं करणारे परदेशी डॉक्टर उद्या निघणार होते आणि रक्तपेढीत त्या गटाच्या चारच पिशव्या होत्या.

"एरवी एकालाच चार लागतात," आमचे डॉक्टर म्वेसिग्वा म्हणाले, "पण रक्त थोपवायचं औषध देतोय. दोन-दोनमध्ये भागेल. दोघांचंही होईल."

"आणि नाही भागलं तर?"

"आत्याबाई, औषध आहे ते, जादू नाही."

ओपिओला आत नेलं. आयात आणि मी बाहेर बाकावर बसलो. पहिली पिशवी आत गेली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. तिसरी गेली तेव्हा मी तो सोडवून घेतला. मला तिचा राग आला. तिचा काय दोष होता? तरी आला.

मग डॉक्टर बाहेर आले. "औषधामुळेच पोरगा वाचला. पण चौथीही लागली."

"मग नान्तेझाला औषध दुप्पट द्या!"

"औषध कपाटभर आहे हो. ते असलेलं रक्त राखतं, नवं कुठून आणणार?"

"माझं घ्या की अजून."

"परवाच घेतलंय तुमचं. आता घेतलं तर तुम्हालाच खाट द्यावी लागेल. हे परदेशी डॉक्टर पुढच्या वर्षी पुन्हा येतील."

"तोवर टिकेल ती?"

डॉक्टर वळून आत गेले.

आयात माझ्यापुढे गुडघे टेकून बसली. "ताई, तुझं रक्त माझ्या लेकराला..." मी तिला उठवलं. दुसरं काय करणार होते मी?

खाटेपाशी गेले तर नान्तेझा उठून बसलेली. ऑपरेशनसाठी सकाळपासून तिला उपाशी ठेवलं होतं.

"आत्या, आज नाही ना करणार? मग जेवू आता?"

मी उकडलेली केळी कालवून पुढे ठेवली. पोर खुशीत जेवायला लागली. प्रत्येक दोन घासांमध्ये तिला दम घ्यायला थांबावं लागत होतं.