चांदीचा खुजा बोकड

अमरसिंह माझ्या पोटचा, पण एवढा उतावळा माणूस केज तालुक्यात दुसरा न्हाई. सांगितलेल्याला मान हलवायची आणि करायचं आपल्याच मनाचं.

चांदी ही माझी उस्मानाबादी शेळी. दर वेताला जुळं. कळपात तशी दुसरी न्हाई, आणि आता ती थकली. आधीची पिल्लं सगळी विकली गेली, आणि यंदाचं वेत शेवटचं: एक पाट, म्हणजे मादी, झाली, एक बोकड. आटत्या दुधात दोघांची वाटणी, म्हणून बोकड खुजा राहिला.

पशुवैद्यकीय कॉलेजातल्या मॅडम बोकडांचं रक्त न्यायला आल्या. मी म्हणलं, रक्तात काय दिसणार? त्यांनी समजावलं, जुळ्याची खूण रक्तातच असते. ज्या बोकडात ती, त्याच्या लेकी जुळं देण्याचा संभव जास्त. मला लगेच पटलं. सोयरीक करताना आम्ही पोरीचं आजोळ बघतोच की. निकाल येईस्तोवर एकाही बोकडाला हात लावू नका, असं त्या अमरसिंहाला बजावून गेल्या.

याचा जीव राजावर. राजा म्हणजे दुसऱ्या शेळीचा बोकड, दांडगा, काळा कुळकुळीत. त्याच्या गळ्यात हात टाकून हा स्टेटसला फोटो ठेवतो. आमच्याकडं रीतच पडलीय, दिसायला दांडगा तो कळपाला, खुजा तो खच्ची करून जत्रेला. मी माजलगावला भावाकडं गेलते, तेवढ्यात यानं माणूस बोलावून चांदीचा बोकड खच्ची केला. का, तर जत्रेपर्यंत अंगानं भरावा.

मी परतले त्याच सकाळी मॅडमचा फोन. खूण खुज्यात निघाली, राजात न्हाई. मी फोन सुनेच्या, मंजुषाच्या हातात दिला. तिनं झालं ते सांगितलं आणि आपणहून विचारलं, त्याच्या बहिणीत असंल का? असू शकते, म्हणाल्या, रक्त तपासू.

आणि तीच पाट घेऊन हा अंगणात उभा, युसूफ वडगावच्या बाजाराला निघालेला. मला म्हणतो, "माय, एका खुज्या बोकडापायी कशाला एवढी तापती?"

मी दोरी त्याच्या हातातून ओढली आणि मंजुषाच्या हातात दिली.

"चांदीचा वंश तू बुडवलास, अमऱ्या. उरलीय ती ही एक. आजपासून शेळ्या मंजुषाच्या. काय ठेवायचं, काय विकायचं, ती ठरवंल. तू लेंड्या झाडायच्या, आन त्या बी तिला विचारून."