तिच्या दाराचा कोयंडा

मी कोयंडा बोलतोय. धुळ्यातल्या एका जुन्या गल्लीत, भाड्याच्या खोलीच्या चौकटीत मला ठोकलं. दाराची कडी माझ्यावर बसते, कुलूप माझ्यात लटकतं. माझी आठवण कुणाला नसते.

खोली पुनाभाऊंच्या नावावर होती. ते मोटारींचे फिटर. भाडं जुनं, कायद्याने बांधलेलं. म्हणून घरमालक प्रेमराजशेठ कायम धुसफुसत. झुंबरबाई इथे राहायला आल्या तेव्हा तरुण होत्या. नवऱ्याने टाकलेल्या. त्याने फारकत दिलीच नाही, म्हणून पुनाभाऊंशी पाट लावून दुसरं लग्न करता आलं नाही. संसार मात्र दोघांनी रेटून केला.

"कुलूप कशाले? झुंबर घरमा शे ना!" पुनाभाऊ निघताना म्हणायचे.

"मी काय तुमनं कुत्रं शे का?" आतून उत्तर यायचं.

गेल्या हिवाळ्यात पुनाभाऊ वारले. झुंबरबाईंनी बांगड्या फोडायला हात उंबऱ्यावर नेले, तर पुनाभाऊंच्या नात्यातल्या बायांनी मनगटं धरली. "राहू दे वं. तुन्हं लगीन कुठे व्हयेल व्हतं?"

त्यांनी हात मागे घेतले.

दहाव्याला सगळे पांझरा नदीवर गेले. झुंबरबाई लांबच उभ्या राहिल्या. पुनाभाऊंच्या पुतण्याने, भटूने, खोली सोडल्याचा शब्द शेठला आधीच दिला होता. त्या परतल्या तेव्हा माझ्यात शेठचं कुलूप होतं.

"आते मी कोठे जाऊ, शेठ?"

"नवऱ्याकडे जा. आहे ना तुम्हाला एक?"

भाडेकरू गेला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला खोलीत राहता येतं, असं कायदा सांगतो, म्हणून झुंबरबाई कोर्टात गेल्या. पण कुटुंब कुणाला म्हणायचं? कोर्टात शेठच्या वकिलाने झुंबरबाईंच्या मनगटाकडे बोट दाखवलं: बायको असती, तर बांगड्या राहिल्या असत्या का? परवा पायरीवर बसून त्या शेजारणीला हे सांगत होत्या, तेव्हा मला कळलं.

आधी तिला विधवा होऊ द्यायचं नाही, मग विधवा नाही म्हणून घराबाहेर काढायचं! कुठला हा न्याय?

आता त्या दोंडाईच्याला बहिणीच्या पडवीत झोपतात. कोर्टाच्या तारखेला येतात, बंद दारासमोर टेकतात, जातात. अंगावरचं पांघरूणसुद्धा आतच राहिलंय.

मी लोखंड. कुणीही कुलूप अडकवलं तरी मला नाही म्हणता येत नाही. त्या बायांना तोंड आहे. पुढच्या तारखेला त्यांच्यातली एक तरी कोर्टात उभी राहून सांगेल का, की मनगटं आम्ही धरली होती?