मोडेपर्यंत स्वस्त

गॅरेजची खरेदी माझ्याकडे आणि गाडीखाली सरपटणं धाकट्या भावाकडे, अशी आमची वाटणी. खरेदीचा नियमही माझाच. हत्यार पहिल्यांदा स्वस्तातलं घ्यायचं. वापरून वापरून मोडलं, तर ते खरंच लागतं असं समजायचं आणि मग चांगलं, महागातलं आणायचं. निम्मी हत्यारं न मोडताच धूळ खात पडली आहेत. या अकलेचा मला फार तोरा होता.

त्या दुपारी मी दाराशी बसून जुने नट पुसत होते. भाऊ गाडीखाली, नुसते पाय बाहेर. सहज वर पाहिलं तर बंपर भिंतीवरच्या निळ्या पट्ट्याच्या खाली दिसला. मघाशी तो पट्ट्याच्या वर होता. गाडी उचलायचा जॅक नवा, मीच आणलेला. त्याच्या बुडाशी तेलाचा ओला डाग पसरत होता.

पाना मोडला तर बोट सोलवटतं. जॅक मोडला तर काय मोडतं, हे आणताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आधाराला लावायचे लोखंडी स्टँडही नव्हते. आधी जॅक तर वापरून बघू, असं मीच म्हटलं होतं. आता ओरडले, तर हा दचकून पान्याला हिसका देणार आणि गाडी हलणार.

"बाहेर ये रे," मी म्हटलं.

"एक नट राहिलाय, ताई. पाच मिनिटं."

"राहू दे. पाना हळूच खाली ठेव."

"तुझं काय मधेच?"

काढून ठेवलेलं चाक मी आडवं करून गाडीच्या कडेखाली सारलं. ते दोनदा अडकलं. मग त्याचे घोटे धरले आणि जीव खाऊन ओढलं. पाठ खरचटली तशी त्याने शिवी हासडली. डोकं बाहेर आलं आणि गाडी त्या चाकावर बसली. खाली जेमतेम वीतभर जागा उरली.

तो त्या जागेकडे बघत राहिला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "असलं आणखी काय काय आणलंयस?"

मी वर बोट दाखवलं. छताला मीच आणलेल्या स्वस्तातल्या साखळीला सकाळपासून एक इंजिन टांगलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली स्टुलं मांडून, तासाभरापूर्वी, आम्ही दोघं जेवलो होतो.