कॉम्प्युटरवरचं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वरीनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीतली पांढरी ओळ उमटली. सुरू करून देणारी फाईल सापडत नाही, असं ती ओळ म्हणत होती. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबा, असा वर सल्लाही होता. तिनं दाबलं. तीच ओळ परत आली. तिनं पुन्हा दाबलं. सल्ला देणाऱ्याच्या बापाचं काय जात होतं?

दुसरा एखादा दिवस असता तर तिनं दम धरला असता. पण आज तिला डाळिंबाच्या नक्षीच्या पट्ट्या पाडून कारखान्यात पोचवायच्या होत्या. शुक्रवार पेठेतल्या घराच्या या पुढच्या खोलीत बसून ती कित्येक वर्षं चादरींच्या नक्षी कॉम्प्युटरवर उतरवत होती. नक्षी तयार झाली की शेजारचं यंत्र पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचं, आणि त्या भोकांच्या हिशेबानं मागावर फुलं उमटायची. आजवर तिनं दुसऱ्यांचीच फुलं उतरवली. डाळिंब मात्र तिचं स्वतःचं होतं. माहेरच्या, सांगोल्याच्या बागेतलं, उकललेलं, आतले दाणे दिसणारं. कारखान्याचे मॅनेजर सिद्धनाथ यांनी मालकाची मनधरणी करून एक माग आजच्यापुरता तिच्यासाठी मोकळा ठेवला होता. आज पट्ट्या गेल्या नाहीत तर उद्या त्याच्यावर मोर चढणार होता. सोलापुरात मोराला मरण नाही.

नवा कॉम्प्युटर आणायची सोय नव्हती. भोकं पाडणारं यंत्र फक्त या म्हाताऱ्या डबड्यातल्या सॉफ्टवेअरचं ऐकायचं, आणि ते सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीनं कधीच गाशा गुंडाळला होता.

तिची नजर डब्यावर गेली. वर झेंडूची माळ, कपाळाच्या जागी हळदीकुंकवाची बोटं, आणि हवा खेळायच्या फटींत लाल भुकटी. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा झाली होती. विळी, खलबत्ता, शिलाई मशीन यांच्या पंगतीला सासूबाईंनी, शिवबाईंनी, कॉम्प्युटरही बसवला होता. सिद्धेश्वरीच्या मस्तकात तिडीक गेली.

“आत्या, किती वेळा सांगितलं, फटीत कुंकू जाऊ देऊ नका म्हणून. बसलं की आता बंद पडून.”

“चिमूटभरच लावलं व्हतं गं.”

“चिमूटभरच पुरतं त्याला. वर्षभर राबले मी त्या नक्षीसाठी. तुमच्या एका चिमटीनं सगळ्याची माती झाली.”

शिवबाई आतून सुई आणि कापूस घेऊन आल्या, फरशीवर बसल्या आणि एकेका फटीतलं कुंकू कोरून काढू लागल्या. सासरे चन्नवीर कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत होते. ते एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. टापटिपीचा त्यांना भारी सोस. निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावलं होतं. एरवी नळ गळला तरी ते तासभर मार्गदर्शन करत. आज त्यांचं डोकं पेपराबाहेर येईना.

दुरुस्तीवाला गुरु आला तो आपला लॅपटॉप काखोटीला मारूनच. त्यानं पेनड्राइव्ह लावला, या डबड्याला तो ओळखीचाच वाटेना. सीडी घालावी तर तिचा कप्पा उघडेना. टाचणीनं टोचून उघडला तर सीडी आत नुसतीच घरघरली.

“कुंकवानंच झालं ना?” सिद्धेश्वरीनं विचारलं.

“धूळ काय चांगली न्हाय, वहिनी. पण कुंकवानं फाईल कशी जाईल?”

“मग काय पाय फुटले तिला?”

गुरुनं डबा उघडला, हार्ड डिस्क काढून वायरनं लॅपटॉपला जोडली आणि हरवलेली फाईल नेटवरून उतरवून तिच्यात टाकली. डिस्क परत बसवली. बटण दाबलं. पडद्यानं आता दुसरीच तक्रार केली. ती फाईल आणून टाकली तर तिसरीच. प्रत्येक वेळी डिस्क काढायची, जोडायची, घालायची, बसवायची. प्रत्येक वेळी सिद्धेश्वरीची आशा बटणाबरोबर दाबली जायची आणि ओळीबरोबर विझायची. नवसाला बोकड कबूल करावा आणि देवानं दुसरा मागावा, तसं चाललं होतं.

मध्येच सिद्धनाथांचा फोन आला. “मॅडम, कारागीर रिकामे बसलेत. मालक दोनदा येऊन गेले. मी कुठवर तोंड देऊ?”

“निघतेच आहे,” ती म्हणाली. ही शुद्ध थाप होती, आणि फोन ठेवल्यावर तिला रडूच यायला लागलं. शिवबाईंची सुई क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली.

गुरुनं हात टेकले. “वहिनी, अजून किती फायली गेल्यात ते कळाय मार्ग न्हाय. एकेक आणत बसलो तर दिवाळी हितंच करावी लागंल. फॉरमॅट मारतो. तुमच्या नक्षी काढून ठेवतो आधी.”

“आणि पट्ट्यांचं सॉफ्टवेअर?”

“ते जाणार की. परत बसायचं न्हाय.”

म्हणजे नक्षी राहणार आणि ती कधीच चादरीवर येणार नाही. सिद्धेश्वरीनं डोळे मिटून घेतले. सकाळपासूनचा सगळा संताप आता दमून बसला होता.

“मारा,” ती म्हणाली. “काय करायचं ते करा.”

“सातच हायत,” कोपऱ्यातून आवाज आला.

गुरुनं मान वळवली. “काय सात?”

“फायली.” चन्नवीरांनी पेपर खाली केला नव्हता. “माझ्या नावाच्या फोल्डरात बगा. त्याच्यात ‘माळा’ म्हनून एक हाय. तितं ठिवल्यात.”

मग पेपर हळूहळू खाली आला.

“नवमीच्या आदल्या सांजचं जरा आतनं साफ करावं म्हटलं. हत्यार पुजायचं तर आतबाहेर लख्ख नको का? ह्या फायली लपवलेल्या व्हत्या. कोर्सात शिकवलं व्हतं, लपलेलं कसं बगायचं ते. आन आमच्या हापिसात लपवलेली फाईल म्हंजे भानगडीचीच असायची.”

“मग टाकून कशा नाही दिल्या, मामा?” सिद्धेश्वरीचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“सणाच्या तोंडावर घरातलं काय टाकत्यात व्हय? माळ्यावर ठिवल्या.”

दुसरा कुणी असता तर तिनं त्याला तिथंच सोलून काढलं असतं. पण सासरा पडला. तिनं ओठ चावला आणि गुरुला नुसती मान हलवून खूण केली.

सातही फायली माळ्यावरून उतरल्या आणि आपापल्या जागी जाऊन बसल्या. बटण दाबलं. काळा पडदा थोडा वेळ काळाच राहिला, आणि मग जुनं हिरवं माळरान आणि निळं आभाळ उघडलं. सिद्धेश्वरीनं डाळिंब काढलं. शेजारचं यंत्र खडखडत पट्ट्यांना भोकं पाडू लागलं. तिनं सिद्धनाथांना फोन लावून यंत्राजवळ धरला. आवाज ऐकून त्यांनी माग राखायचं कबूल केलं.

फोन ठेवून ती वळली तेव्हा तिला शिवबाई दिसल्या. डब्याचं झाकण मांडीवर घेऊन त्या अजून तशाच बसल्या होत्या. बोटं लाल झाली होती, सुई हातात होती. मघापासून त्या कुंकू काढत नव्हत्या, नुसत्या नवऱ्याकडे बघत होत्या.

सिद्धेश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती फरशीवर त्यांच्यासमोर बसली. “आत्या, माझं चुकलं. नको ते बोलले मी तुम्हाला.”

“बस झालं,” शिवबाई म्हणाल्या. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या, झाकण चन्नवीरांच्या मांडीवर ठेवलं आणि सुई त्यांच्या हातात दिली.

“तुझं काय चुकलं गं? तुला ठावं न्हवतं. ह्यांस्नी ठावं व्हतं.”

आणि त्या हात धुवायला आत गेल्या.