मुंडावळ्यांत अडकलेला अंतरपाट

मित्रांनो, रत्नागिरीतल्या एका घराच्या माजघरात पत्र्याची ट्रंक आहे. तिच्या तळाशी घडी करून ठेवलेला मी एक जुना अंतरपाट आहे. माझी गोष्ट कुणी मुद्दाम ऐकावी एवढा मी मोठा नाही. मी कापडाचा तुकडा. लग्नात मंगलाष्टके चालू असताना मला वर आणि वधू यांच्यामध्ये धरतात, दोघांनी एकमेकांना पाहू नये म्हणून. शेवटचे मंगलाष्टक संपले की मला बाजूला ओढतात, आणि मग सगळे त्या दोघांकडे पाहतात. माझ्याकडे कुणी पाहत नाही. मला ते बरे वाटते. मी पहिल्यापासून थोडा लाजरा आहे.

माझा जन्म आनंदीबाईंच्या हातून झाला. त्या नव्याने या घरात आल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. बाजारातून पांढरे सुती कापड आणून त्यांनी हाताने माझ्या कडा दुमडल्या आणि मधोमध लाल दोऱ्याने स्वस्तिक भरले. त्याची एक बाजू थोडी तिरकी झाली आहे. ते उसवून पुन्हा भरावे असे त्यांना दर लग्नात वाटायचे, आणि दर लग्नात ते राहून जायचे.

भावकीतली कितीतरी लग्ने माझ्या साक्षीने लागली. कुणाकडे कार्य ठरले की माणूस यायचा आणि मला मागून न्यायचा. हा अंतरपाट लाभतो, असे लोक म्हणायचे. खरे तर लाभण्यासारखे मी काहीच करत नव्हतो. पण ऐकायला गोड वाटायचे, हे कबूल करतो.

मग १९९८ साली, आंबा उतरायच्या आधी, घरचेच कार्य निघाले. आनंदीबाई आणि आप्पा यांचा एकुलता एक मुलगा शौनक याचे लग्न. आप्पा शाळेत शिक्षक होते, आंब्याची थोडी कलमे होती. शौनक अमेरिकेत शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि पुढे तिथला नागरिक झाला. मुलगी अलोऱ्याची, ऋजुता नाव. तिचे वडील कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत राहत.

त्या दिवशी मला धरले तेव्हा एका बाजूने शौनकचा श्वास लागत होता, दुसऱ्या बाजूने ऋजुताचा. ती घाबरली होती. तो हसू दाबत होता. शेवटचे मंगलाष्टक संपले, वाजंत्री सुरू झाली, भटजींनी मला ओढले आणि माझा एक कोपरा शौनकच्या मुंडावळ्यांत अडकला. सगळ्यांवर अक्षता पडत होत्या, आणि नवऱ्याच्या तोंडावर मी तसाच लटकत राहिलो. बायका हसल्या. शौनक कापडाच्या आतून म्हणाला, "थांबा जरा. नवरी बघायचा व्हिसा एवढ्या लवकर मिळत नाही." मंडप हसला. भटजींनी मोती सोडवले आणि मला बाजूला केले. एवढेच झाले होते.

वर्षभराने ऋजुताचे कागद झाले आणि ती शौनककडे गेली. पुढच्या वर्षीच्या जुलैत, भर पावसात, तिकडच्या रस्त्यावर शौनकच्या गाडीला अपघात झाला आणि तो गेला.

ऋजुता त्याच्या अस्थी घेऊन आली. तेव्हा आनंदीबाईंनी जे केले ते आपल्याकडे कुठलीही मोठी बाई करते. तरुण मुलीच्या डोळ्यांसमोर लग्नातले काही राहू नये म्हणून त्यांनी सगळे गोळा केले. शालू, लग्नाचा अल्बम, व्हिडिओची कॅसेट, दोघांनी तिकडे काढलेले फोटो, सगळे कपाटातून आणि ऋजुताच्या पिशवीतून काढून ट्रंकेत भरले. "तुला बघवणार नाही. माझ्याकडे असू दे," असे त्या म्हणाल्या. ऋजुताने मान हलवली. तिला तेव्हा कुणी काहीही सांगितले असते तरी तिने मान हलवली असती.

शेवटी त्यांनी मला उचलले आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"तोंडावर अडकला होता ना, तेव्हाच माझ्या मनात चुकचुकलं होतं," त्या म्हणाल्या.

मग मला सगळ्यांच्या खाली घालून त्यांनी कुलूप लावले आणि शौनकचे नाव घेऊन शब्द दिला की वर्षश्राद्ध होईपर्यंत ही ट्रंक उघडणार नाही.

मित्रांनो, मी तिथे पुष्कळ विचार केला. माझ्यामुळे झाले का? मला अजून ठाऊक नाही. पण एक गोष्ट उशिरा लक्षात आली. शेजारच्या बायका तेव्हा ऋजुताच्या पावलांबद्दल कुजबुजत होत्या. आनंदीबाईंनी तो ठपका माझ्यावर ठेवला, म्हणून त्या मुलीवर ठेवावा लागला नाही. त्यामुळे माझी तक्रार नाही.

ट्रंकेत अंधार होता आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. वर अल्बम होता. त्याच्या पानापानांवर शौनक हसत होता, आणि ते हसणे वरून माझ्यावर वजनासारखे पडून असायचे. कधी कधी माझ्या एका बाजूला ऊब लागायची, ज्या बाजूला तो उभा होता त्याच. भास असेल. मी घडीतल्या घडीत अंग आक्रसून घ्यायचो. बाहेर आनंदीबाई येता-जाता ट्रंकेवर हात ठेवायच्या, तो हात पत्र्यातून कळायचा.

डिसेंबरात ऋजुता पुन्हा आली. हातखंब्याच्या फाट्यावर बसमधून उतरली, आप्पा रिक्षा घेऊन न्यायला गेले. ती का आली आहे हे मला माजघरातल्या बोलण्यावरून समजले. लग्नाच्या जोरावर तिकडे गेलेल्या माणसाला ते लोक आधी दोन वर्षांचे ग्रीन कार्ड देतात, अटीवर. दोन वर्षे संपत आली की नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, की आमचे लग्न खरे आहे, कार्डासाठी केलेले नाही. ते पटले तर अट काढून टाकतात. नवरा हयात नसेल तर बाईला एकटीला अर्ज करता येतो, पण लग्न खरे होते हे दाखवावे लागते. ऋजुताची दोन वर्षे फेब्रुवारीत भरत होती. आणि दाखवण्यासारखे सगळे माझ्या डोक्यावर, कुलपात होते.

आप्पांना आधी नीट उमगलेच नाही. लग्नाची नोंद आहे की, ते म्हणाले.

"नोंद आहे, आप्पा. तिकडची वकील म्हणते, नोंद कुणीही करतं. संसार दाखवा."

"संसार दाखवायचा म्हणजे काय गं?" आनंदीबाई म्हणाल्या. "भांडी नेणार आहेस?"

ऋजुताने अल्बम आणि फोटो मागितले. वर्षश्राद्ध जुलैत आहे, आनंदीबाई म्हणाल्या, तोवर नाही, मी त्याला शब्द दिला आहे. नाहीच राहिले कार्ड तर इकडे ये, हे घर तुझे नाही का? त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. त्यांना खरोखरच ती हवी होती.

ऋजुताने आपले कागद पिशवीत भरले. मग म्हणाली, "तिथं अजून मला सगळे शौनकची बायको म्हणतात, आई. इथं आले की मी नुसती मागे राहिलेली."

आनंदीबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी ठमाबाई पायरीवर टेकली. ती मासे विकायची. आनंदीबाईंनी वर्षभर मासे सोडले होते, तरी ती टोपली घेऊन यायचीच, नुसती बसायला. ऋजुताला पाहून म्हणाली, "काय गो, वाळत घातलेल्या बांगड्यागत झालीस." सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाली, "सरकाराला सांग, ठमाबाईची साक्ष काढा. मी जेवलंय या लग्नात. दोन पंगतींना." आनंदीबाई तिला दटावून हसल्या. त्या घरात कित्येक महिन्यांनी मी हसणे ऐकले.

आप्पा प्रतिज्ञापत्र लिहायला बसले आणि अडले. ते फार सरळ माणूस. मी तिकडे कधी गेलो नाही, त्यांचा संसार डोळ्यांनी पाहिला नाही, मग शपथेवर कसे लिहू, असे म्हणाले. पेन खाली ठेवले. ऋजुता चार दिवसांनी परत जायची होती.

जायच्या आदल्या दुपारी दोघी सासवा-सुना माजघरात, ट्रंकेशेजारीच, तांदूळ निवडत बसल्या होत्या. ऋजुता आता काही मागत नव्हती. सहज बोलावे तशी म्हणाली, की तिकडे बर्फ पडले की एवढी शांतता होते, आणि त्या शांततेत तिला अजून शौनकचे आंबे मोजणे ऐकू येते.

तांदळाचा आवाज थांबला.

"काय ऐकू येतं?"

"झोपेत आंबे मोजायचा ना तो. पेटी भरल्यासारखे. पहिल्यांदा मी इतकी घाबरले, उठून दिवा लावला."

आनंदीबाईंचा आवाज बदलला. "आणि मग?"

"मध्येच एखादा डागी निघायचा. मग चिडायचा, बाजूला टाका म्हणायचा. मी आपली म्हणायची, टाकला. मग पुढे मोजायचा."

मित्रांनो, हे या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हते. लहानपणापासून शौनक झोपेत बोलायचा. स्थळे पाहताना लोक काहीबाही समजतील म्हणून आनंदीबाईंनी ते लपवले होते. मुलीकडच्यांना सांगितले नव्हते, बहिणीलाही नाही. रात्री उठून त्याच्या उशाशी बसून, टाकला रे, टाकला, असे त्याच म्हणत आल्या होत्या. आणि तिकडे इतक्या लांब, कुणी न शिकवता, ही मुलगी तेच म्हणत होती.

त्या उठल्या. किल्ली त्यांच्या कमरेलाच असे. कुलूप निघाले आणि इतक्या महिन्यांनी माझ्यावर उजेड आला.

"आई, तुम्ही त्याला शब्द दिलाय," ऋजुता म्हणाली.

"त्याला मी सांगेन," त्या म्हणाल्या, आणि अल्बम तिच्या मांडीवर ठेवला. मग आप्पांना हाक मारली. "या इकडे. शपथ मी घेते, तुम्ही नुसतं लिहा. आंब्यांचं लिहा."

आप्पा म्हणाले, असले सरकारी कागदात कसे लिहायचे, लोक हसतील.

"हसू देत. पण लिहा."

आप्पांनी लिहिले. शौनकच्या नावामागे 'कैलासवासी' लिहायची वेळ आली तेव्हा पेन थांबले होते. आनंदीबाईंनीच सांगितले, तेही लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या नोटरी वकिलाच्या टेबलापाशी त्यांनी सही केली, आणि ऋजुता सगळे घेऊन गेली.

पुढल्या पावसाळ्यात, वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर, फोन आला. अट निघाली होती. नवे कार्ड दहा वर्षांचे होते. आनंदीबाईंनी देवापुढे साखर ठेवली, फोनवर नीट जेवत जा असे सांगितले, आणि फोन ठेवून कितीतरी वेळ तिथेच बसून राहिल्या. आता ती मुलगी परत येणार नव्हती, हे त्यांना पहिल्यांदाच पुरते कळले असावे. शौनकही येणार नव्हता.

नंतर भावकीत लग्ने झाली. मला मागायला कुणी आले नाही. ट्रंकेत माझ्या डोक्यावर आता काही नव्हते, तरी मला झोप येत नसे.

काही वर्षांनी, एका दुपारी, आनंदीबाईंनी मला बाहेर काढले. ऊन दाखवायला असेल, असे मला वाटले. त्यांनी मला झटकले, आणि दोन्ही हात पसरून स्वतःच्या तोंडापुढे धरले. पण त्यांचे हात पुरेनात. मी मधे झोळ पडून खाली येऊ लागलो. त्यांनी पुन्हा वर घेतले. पुन्हा खाली आलो. मलाही सावरता येईना.

आप्पा पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. काय करते आहेस, असे विचारले नाही. वर्तमानपत्र ठेवून आत आले आणि माझे दुसरे टोक त्यांनी धरले.

मी ताठ उभा राहिलो. एका बाजूला आनंदीबाई होत्या. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हते. निदान मला तरी कुणी जाणवले नाही, आणि मी अशा बाबतीत फारसा चुकत नाही. त्या माझ्याकडे, माझ्यातून, पाहत होत्या. आप्पा खिडकीकडे पाहत होते.

शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "सोडा आता."

आप्पांनी सोडले.

मित्रांनो, उपदेश करणे मला जमत नाही. पण तुमच्या घरात कुणी मोठे माणूस असे एकटेच काही धरून उभे असलेले दिसले, तर ते काय आहे हे विचारू नका, आणि त्यांच्या हातून ओढूनही घेऊ नका. जवळ जा आणि दुसरे टोक धरा. कधी सोडायचे, ते त्यांचे त्यांना कळते.