काकूंच्या गाण्याचे सूर

मी एक जुना अल्टो सॅक्सोफोन आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगतो, मला स्वस्थ बसणं जमत नाही. कारागिरानं पितळेचा पत्रा ठोकून माझी नळी केली, अंगभर बटणं बसवली, तेव्हापासून कोणी तरी फुंकावं म्हणून मी आसुसलेला असतो.

मला विकत घेतलं बँडमधल्या मास्तरांनी. मास्तरांचे कान मोठे तिखट. कुठलंही नवं गाणं दोनदा ऐकलं, की माझी बटणं चाचपून ते त्याचे सूर शोधायचे आणि पेन्सिलीनं वहीत उतरवायचे. अशा तेरा वह्या भरल्या. लोक म्हणायचे, "मास्तर, तुमचा बाजा बोलतो हो!" मी नुसता फुशारून जायचो. पुढे मास्तरांचे दात पडले, बँड सुटला आणि मी कपाटावर जाऊन पडलो. तब्बल पाच वर्षं! बटणांखालच्या चामडी गाद्या वाळून गेल्या. माझा जळफळाट व्हायचा, पण विचारतो कोण?

गेल्या महिन्यात मास्तरांनी मला घाईघाईनं खाली काढलं, गाद्या बदलून आणल्या आणि नव्या कवळीनं फुंकायला घेतलं. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गळ्याचं ऑपरेशन मंगळवारी ठरलं होतं. आवाज राहीलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. काकू पुढच्या खोलीत शिवणकाम करतात आणि मशीन चालवताना आपल्या आईचं एक लोकगीत गुणगुणत. चाळीस वर्षं मास्तरांनी ते ऐकलं, पण तेरा वह्यांत ते कुठेच नव्हतं. घरचंच गाणं, जातंय कुठे, असं वाटलं असणार!

"अगं, म्हण ना एकदा," मास्तर म्हणाले.

"साऱ्या जगाची गाणी उतरवलीत, माझ्या गाण्याची आत्ता आठवण झाली होय?" असं म्हणून काकू ताठ बसून गायल्या. गाणं पार अवघडून गेलं. दर वेळी चाल निराळी! मास्तर एक सूर लिहायचे, दोन खोडायचे. सुरांच्या छापील पुस्तकांत ते कुठून असणार? तोंडातोंडी आलेलं गाणं ते. आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवावा, हे काही त्यांना सुचलं नाही. त्यांच्या लेखी गाणं जपायचं म्हणजे वही आणि पेन्सिल. शनिवार गेला, रविवार गेला. माझा जीव टांगणीला लागला. अहो, त्यांना मशीनवर बसू द्या, असं ओरडावंसं वाटत होतं. पण फुंकल्याशिवाय मला बोलता येतं का!

सोमवारी एका गिऱ्हाइकाचा सदरा द्यायचा होता. "तुमचं गाणं राहू द्या, मला बाह्या लावू द्या," म्हणत काकू मशीनवर बसल्या. पाय हलायला लागला आणि गाणं आपसूक सुटलं. मास्तर मला घेऊन दाराआड उभे राहिले, हळूहळू फुंकत एकेक सूर शोधू लागले. काकूंना ऐकू येत होतं, पण त्यांनी मान वर केली नाही. एक सूर काही केल्या माझ्या बटणांत बसेना. दोन बटणांच्या मधेच कुठे तरी होता तो. मास्तरांनी ओठ जरा सैल सोडले, मी किंचित खाली उतरलो आणि सापडला की हो! तीन ओळी वहीत उतरल्या. चौथी राहिली, कारण सदऱ्याला बाह्या दोनच; त्या लागल्या आणि मशीनबरोबर गाणंही थांबलं. संध्याकाळी काकू दवाखान्यात दाखल झाल्या.

ऑपरेशन नीट झालं. काकू बऱ्या आहेत, पण आवाज गेला तो गेलाच. आता रोज सकाळी मास्तर तीन ओळी वाजवतात आणि अंदाजानं चौथीत शिरतात. काकू समोर बसून हातानं दाखवतात: वर, अजून वर, खाली. चुकलं की कपाळाला हात लावतात. काल मास्तर मधेच थांबले. "चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं," म्हणाले आणि रडले. काकूंनी त्यांची बोटं उचलून पुन्हा माझ्या बटणांवर ठेवली.

मित्रांनो, माझ्या गाद्या बदलता येतात, पितळ घासून चकचकीत करता येतं. पण तुमच्या घरात कोणी काम करता करता गुणगुणत असेल, तर उद्यावर ढकलू नका, आजच कान द्या. चौथ्या ओळीतले आमचे दोन सूर अजून सापडले नाहीत, आणि ज्यांना ते येतात त्यांना आता म्हणून दाखवता येत नाही.